एप्रिलचं वेळापत्रक

"आक्का, चौथ्या दिवशी एवढं चालवू नकोस ग मला," हेमा म्हणाली. "सकाळी देऊळ, दुपारी बाग, संध्याकाळी परत नदी. मी काय तुझ्या शाळेच्या सहलीतली पोरगी आहे?"

"गप बस. एवढ्या लांब जायचं आणि खोलीत लोळत पडायचं?" मी म्हटलं आणि चार एप्रिलच्या रकान्यात तांबड्या पेन्सिलीनं रेघ ओढली.

दोन हजार आठ सालचा नोव्हेंबर. सांगलीत विश्रामबागेत आमचं दोन मजली घर होतं. वर मी एकटी, खाली माझी धाकटी बहीण हेमा आणि तिचे यजमान दिगंबरराव. लग्न मी केलं नव्हतं, त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे चूल एकच होती. मी एकोणीस वर्षं मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. घोरपडे बाई म्हटलं की अजूनही गावातल्या पन्नाशीच्या बायका पदर सावरतात. एकोणीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मी स्वतः आखलं, कारकुनाला हात लावू दिला नाही. तसंच मोठ्या ड्रॉइंग पेपरावर मी आमच्या जपानच्या सहलीचं वेळापत्रक आखत होते. तांबडा रंग प्रवासाला, हिरवा फुलांना, निळा जेवणाला.

जपान हे हेमाचं जुनं वेड. दिगंबरराव डिझेल इंजिनच्या कारखान्यात होते. त्या कारखान्याचं एका जपानी कंपनीशी काहीतरी संधान होतं, तिकडून दरवर्षी भिंतीवरचं कॅलेंडर यायचं. कुठल्याशा वर्षीच्या एप्रिलच्या पानावर एक नदी होती आणि दोन्ही काठांना चेरीची झाडं फुलली होती. पान एक नाही झाडावर, नुसती फिकी गुलाबी फुलं. ते पान हेमानं कापून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. साखरेचा डबा काढायला दार उघडलं की नदी दिसायची. वीस-बावीस वर्षं ती रोज दहा वेळा ते दार उघडत होती.

"चार तारखेला नक्की फुललेली असतील ना ग?" तिनं विचारलं.

"त्याच आठवड्यात फुलतात. सहलवाल्या निकमांनी सांगितलंय."

"मग बरं," ती म्हणाली आणि पोटावर हात ठेवून हळूच उठली.

ती आत गेल्यावर मी दिगंबररावांकडे बघितलं. ते वर्तमानपत्राआड बसले होते. पान केव्हापासून उलटलं नव्हतं.

आता खरं काय ते सांगून टाकते. आमच्यापैकी कुणीही चार एप्रिलला जपानात असणार नव्हतं.

ऑक्टोबरात हेमाच्या पोटाचं दुखणं थांबेना म्हणून आम्ही तिला मिरजेला डॉ. मगदूमांकडे नेलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरांनी पाकीट हातात घेतलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पेशंटना बाहेर जरा बसवता का?" यातच सगळं आलं. आपल्याकडे पेशंटला बाहेर बसवलं की बाकीच्यांनी काय ते समजायचं असतं. हेमा निमूट उठून बाकावर जाऊन बसली. पर्स मांडीवर घेऊन.

"स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. "यकृतातही गेलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही. औषधानं दुखणं ताब्यात ठेवता येईल."

"किती दिवस?" मी विचारलं.

"मार्च. फार तर मार्चअखेर. अजून तीनेक महिने त्या हिंडत्याफिरत्या राहतील. मी त्यांना आत बोलावून नीट सांगतो."

"तिला काही सांगायचं नाही," मी म्हटलं.

"बाई, पेशंटला कळलेलं बरं असतं. काही करायचं राहिलेलं असतं माणसाचं."

"डॉक्टर, मी तिला ती सात वर्षांची असल्यापासून वाढवलंय. आई गेल्यावर तिच्या वेण्या मी घातल्यात. ती ऐकूनच मरेल. तुम्ही अल्सर म्हणून सांगा."

डॉक्टर दिगंबररावांकडे बघत राहिले. दिगंबररावांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "आक्का म्हणतील तसं."

परत येताना रिक्षात हेमा मध्ये बसली होती. "काय म्हणाले ग?" तिनं विचारलं.

"अल्सर आहे. मोठा आहे, पण अल्सरच. तिखट बंद."

"एवढंच? मग मला बाहेर कशाला बसवलं?"

माझी बोबडी कधी वळत नाही, पण त्या क्षणी वळली. तोंडातून निघून गेलं, "तुला आधी कळू द्यायचं नव्हतं म्हणून. प्रवास झेपेल का ते विचारत होतो. एप्रिलात तुला जपानला न्यायचं ठरवलंय आम्ही."

हेमानं एकदम माझा हात धरला. "खरंच? आक्का, खरंच?"

दिगंबरराव रिक्षाच्या बाहेर बघत होते.

त्या एका वाक्यावर आम्ही पुढचे पाच महिने रेटले. खोटं बोलायचं तर नीट बोलायचं, हा माझा स्वभाव. मी कोल्हापूरला जाऊन निकम नावाच्या माणसाला भेटले. आधी तो अष्टविनायकाच्या बसेस काढायचा, आता सिंगापूर-जपानपर्यंत पोचला होता. मी त्याला सगळं सांगितलं. "घरी या, पुस्तकं दाखवा, गप्पा मारा. बुकिंग मात्र करायचं नाही." तो बिचारा चष्मा पुसत राहिला.

पासपोर्ट मात्र खरे काढले. त्याशिवाय हेमाला खरं वाटलं नसतं. चौकशीला हवालदार घरी आला, मिशीवाला, चांगला जाडजूड. त्यानं कागद बघितले. "जपानला कशाला, बाई?"

"फुलं बघायला," हेमा म्हणाली.

"फुलं?" हवालदाराचा चहाचा कप हवेतच राहिला. "आणि गणपतीपेठेत फुलांचं काय कमी आहे व्हय?"

हेमा इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसताना तिनं उशी पोटाशी घट्ट दाबून धरली होती. मीही हसले. डिसेंबरच्या मध्यावर तीन पासपोर्ट आले. हेमानं आपल्या फोटोकडे बघून नाक मुरडलं आणि तिन्ही कपाटात त्या कॅलेंडरच्या पानाखाली ठेवून दिले.

मला काय वाटत होतं ते सांगते, म्हणजे मी अगदीच पाषाणहृदयी नव्हते हे तरी कळेल. मला वाटत होतं, एप्रिल हा तिचा खुंटा आहे. त्याला ती धरून राहील. डॉक्टर मार्च म्हणतात, पण माणसाला पुढचं काही बघायचं असलं की ते तग धरतं. कोण जाणे, एप्रिलही काढील. आणि नाहीच काढला, तर त्या आशेत तरी जाईल. एका बाजूला हे होतं. दुसरीकडे मला पक्कं ठाऊक होतं की एप्रिलची तारीख दिली म्हणजे घराबाहेर पाऊल टाकायची वेळच येणार नाही. दोन्ही खरं आहे. कुठलं जास्त खरं ते मी इतक्या वर्षांत ठरवू शकले नाही.

जानेवारीची आठ तारीख होती. गुरुवार. सकाळची दहाची वेळ, टेबलावर ऊन आलं होतं. निकम नवी पुस्तकं घेऊन आला होता. हेमानं त्या दिवशी ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. गळ्याची हाडं दिसायला लागली होती, म्हणून पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता.

"निकम, मला एक सांगा," ती म्हणाली. "या झाडांत लवकर फुलणारी जात नाही का कुठली?"

"आहे की, ताई," निकम म्हणून गेला. "टोकियोच्या खालच्या अंगाला कावाझू म्हणून गाव आहे. समुद्राजवळ, हवा उबदार. तिथं फेब्रुवारीतच फुलतात. नदीकाठी ओळीनं. हे बघा की."

त्यानं पुस्तक उघडलं. नदी होती. दोन्ही काठांना झाडं होती. रंग थोडा गडद, बाकी कपाटातल्या चित्रासारखंच सगळं.

हेमानं त्या पानावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "आक्का, फेब्रुवारीत जाऊया."

"काहीतरीच काय. सगळं एप्रिलचं आखलंय."

"ते खोडता येतं की. पेन्सिलीनंच तर लिहिलंयस."

"फेब्रुवारीची फुलं म्हणजे बारकी जात असते. खरा बहर एप्रिलचा. विचार निकमांना."

निकमनं चष्मा काढला. "तसं... म्हणजे... ग्रुप बहुतेक एप्रिललाच जातात," तो पुटपुटला.

"बारकी तर बारकी," हेमा म्हणाली. "मी तरी कुठं मोठी लागून गेले?"

"थंडी असते तिथं. तुझा अल्सर अजून बरा झालेला नाही."

"स्वेटर घालीन. दोन घालीन." ती हसत होती, पण आवाज हसत नव्हता. "आक्का, जन्मभर तुझं ऐकलं. नोकरी सोड म्हणालीस, सोडली. माधवनगरचं स्थळ नको म्हणालीस, नको म्हटलं. एकदा माझं ऐक की. एकदाच."

तेवढ्यात दिगंबरराव खुर्चीत पुढे सरकले. "आक्का, मी काय म्हणतो..."

"तुम्ही काही म्हणू नका, दिगंबरराव," मी म्हटलं. "यातलं तुम्हाला काय कळतंय?"

ते परत मागे टेकले.

मी खरं तर घाबरले होते. पण मी घाबरले की माझा आवाज चढतो, ही माझी जन्माची खोड. "हे बघ हेमा," मी म्हटलं, "मी एकदा नाही म्हटलं म्हणजे नाही. फेब्रुवारीत काही जायचं नाही. एप्रिल म्हणजे एप्रिल. दहा दिवसांनी विचारलंस तरी हेच सांगेन."

हेमानं पुस्तक मिटलं, कडा नीट जुळवल्या आणि निकमला परत दिलं.

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं."

मी निकमला सोडायला फाटकापर्यंत गेले आणि तिथंच त्याला धारेवर धरलं. "तुम्हाला काय सांगितलं होतं मी? कावाझू म्हणे!"

"मॅडम, त्यांनी डोळ्यांत बघून विचारलं. मला खोटं सुचलंच नाही." मग तो घुटमळला. "मॅडम, एक बोलू का? पासपोर्ट आहेत. व्हिसाचं मी आठवड्यात करून आणतो. स्वतः बरोबर येतो. चाकाची खुर्ची विमानतळावर मिळते. सहा दिवसांचं काम आहे. त्यांची इच्छा आहे तर..."

"आणि विमानात काही झालं तर? परक्या मुलखात काही झालं तर? कुठं शोधत बसू मी, कुणाच्या हातापाया पडू?"

"डॉक्टरांना एकदा विचारून बघा की. आमच्याकडं येतात अशी माणसं, पत्र घेऊन."

"निकम, तुम्ही आता या," मी म्हटलं. "आणि परत इकडे येऊ नका."

तो गेला. आत आले तर हेमा स्वयंपाकघरात होती. कपाटाचं दार उघडं होतं आणि ती साखरेचा डबा हातात घेऊन उभी होती. मला बघून तिनं दार लावलं. "चहा करते," म्हणाली.

मी डॉक्टरांना विचारलं नाही. ते हो म्हणतील अशी मला भीती होती.

त्यानंतर फेब्रुवारीचं नाव तिनं कधी काढलं नाही. उलट एप्रिलच्या तयारीला जास्तच लागली. मऊ तळव्याचे बूट आणले आणि हॉलमध्ये घालून फिरायची. दिगंबररावांकडून जपानी शब्द घोकून घ्यायची, त्यांना कारखान्यात चार शब्द कळले होते. दूधवाल्याचे आभार मानतानासुद्धा एकदा "आरिगातो" म्हणाली. तो म्हणाला, "वहिनी, उद्या जादा पाहिजे काय?" मला तेव्हा वाटलं, बघा, माझंच बरोबर होतं. किती आनंदात आहे. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ती जिना चढून माझ्याकडे वर येत होती. संक्रांतीचा तिळगूळ तिनं स्वतः वाटला. हळदीकुंकवाला बारा बायका बोलावल्या आणि प्रत्येकीला सांगितलं, "एप्रिलात आम्ही जपानला जाणार."

फेब्रुवारीच्या शेवटी ती अंथरुणाला खिळली. मार्च लागला तसं जेवण सुटलं. दुपारी मी तिच्याजवळ बसायची. अंग पुसायची, ओठांना पाणी लावायची.

"आक्का, वाच की," ती म्हणायची.

मी वेळापत्रक उलगडायची आणि वाचायची. "दोन एप्रिल. सकाळी सात, न्याहारी. साडेआठ, आगगाडीनं क्योटो. तीन एप्रिल. सकाळी नऊ, कालव्याकाठची वाट. चार एप्रिल. साडेनऊ, देऊळ. दुपारी बाग, संध्याकाळी नदीकाठी फिरणे."

"चौथ्या दिवशी विश्रांती दे म्हटलं होतं ना मी?"

"देते. दुपारी दोन तास देते."

"लिही मग."

मी लिहिलं. तिनं डोळे मिटून हुंकार दिला. रोज हेच. एका दुपारी मात्र वाचून झाल्यावर ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान आखलंयस ग. शाळेत पण असंच आखायचीस. एकही तास रिकामा ठेवायची नाहीस."

"मग काय तर," मी म्हटलं.

अठरा मार्चला सकाळी, दिगंबरराव तिला चमच्यानं पाणी पाजत असताना, ती गेली. शुद्धीत गेली. माझा हात तिच्या पायावर होता. मी रडले नाही. माणसं आली होती, कुणाला कुठं बसवायचं, कुणाला फोन करायचा, सगळं मलाच बघायचं होतं. पाडव्याला दारात गुढी उभारली नाही. तेरावं झालं, पाहुणे गेले.

घरात उरलेली औषधं होती. दुखण्यावरच्या गोळ्या, न उघडलेल्या बाटल्या. गरिबांच्या उपयोगी पडतील म्हणून ती पिशवी घेऊन मी मिरजेला डॉ. मगदूमांकडे गेले. शनिवार होता. दाराजवळ तारखेचा ठोकळा होता त्यावर चार एप्रिल दिसलं.

डॉक्टरांनी मला लगेच आत घेतलं. पिशवी बाजूला ठेवली, पाणी दिलं. "शेवटी फार त्रास झाला का त्यांना?"

"नाही. तुमच्या औषधानं बराच आराम होता."

"चला, तेवढं तरी." ते थोडं थांबले. "आणि जपानचं काय झालं? जाऊन आल्या का फेब्रुवारीत?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात?"

"त्या आल्या होत्या ना माझ्याकडे. जानेवारीच्या सुरुवातीला. मंगळवारची ओपीडी होती. समोर बसल्या आणि म्हणाल्या, डॉक्टर, अल्सरचं काही बोलू नका, मला माझा आजार ठाऊक आहे. फक्त एवढं सांगा, माझ्याकडे एप्रिल आहे का?"

मी हातातला पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

"सरळ विचारल्यावर मी खोटं बोलत नाही, बाई. म्हटलं, नाही. मग त्यांनी विचारलं, फेब्रुवारी? म्हटलं, फेब्रुवारी आहे. पहिला पंधरवडा तर नक्की. मनात असेल तर आत्ता जा, थांबू नका. त्यांना इतका आनंद झाला! विमान कंपनीला दाखवायला मी पत्र दिलं, वाटेतल्या गोळ्या लिहून दिल्या."

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला सांगू नका म्हणाल्या." डॉक्टरांनी खाली बघितलं. "म्हणाल्या, आक्काला वाटतंय मला काही माहीत नाही. त्या जोरावर ती उभी आहे. तिला कळलं की मला कळलंय, तर ती मोडून पडेल. मी तिला फुलांचं निमित्त सांगून नेते. फुलांना ती नाही म्हणायची नाही."

मी बाहेर कशी आले, रिक्षा कुणी थांबवली, मला आठवत नाही. त्याच बाकासमोरून गेले असणार, ज्यावर ऑक्टोबरात ती पर्स घेऊन बसली होती.

घरी आले तर दिगंबरराव जेवणाच्या टेबलाशी बसले होते. पुढ्यात ताट झाकून ठेवलेलं. माझ्यासाठी थांबले होते.

मी उभ्यानंच विचारलं, "हेमा डॉक्टरांकडे एकटी गेली होती. जानेवारीत. तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी मान वर केली. एवढ्या दिवसांत मी त्यांचा चेहरा नीट बघितलाच नव्हता. दाढी पांढरी वाढली होती.

"एकटी नव्हती गेली," ते म्हणाले. "रिक्षा मीच आणली होती. मी बाहेर बाकावर बसलो होतो."

"म्हणजे तिला आजार माहीत आहे हेही तुम्हाला..."

"ऑक्टोबरातच. त्याच दिवशी विचारलं तिनं मला घरी आल्यावर. मला काही लपवता येत नाही, आक्का. मी रडलो. तीच मला समजावत बसली."

माझा संताप संताप झाला. दुःखाचं काय करायचं ते मला कळत नाही, त्याचा मी संतापच करते. "आणि तुम्ही गप्प बसलात? ती समोर बसून भीक मागत होती माझ्याकडे, एकदाच ऐक म्हणत होती, आणि तुम्ही मख्खासारखे बसून राहिलात? तोंड नव्हतं तुम्हाला? एक शब्द, एक शब्द टाकला असता..."

"टाकत होतो की," ते म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी, जन्मात कधी चढवला नाही. "तोंड उघडलं होतं मी. 'आक्का, मी काय म्हणतो' एवढं म्हणालोही. तुम्ही म्हणालात, यातलं तुम्हाला काय कळतंय."

मी खुर्चीवर बसले.

"त्या दिवशी निकम गेल्यावर मी हेमाला म्हटलं, मी सांगतो आक्काला, काय व्हायचं ते होऊ दे. ती म्हणाली, नको. ती घाबरलीय हो. तिच्या आवाजावरून कळतं मला. राहू दे." दिगंबरराव ताटावरचं झाकण बोटानं फिरवत होते. "म्हणाली, आक्काचं एप्रिल तर एप्रिल."

ते उठले. स्वयंपाकघरात गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात तीन पासपोर्ट होते. हेमाच्या पासपोर्टातून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. डॉक्टरांचं पत्र. पेशंटला फेब्रुवारीअखेरपर्यंत विमानप्रवास करण्यास हरकत नाही. खाली सही आणि तारीख, सहा जानेवारी. आठ तारखेला ती जांभळी साडी नेसून माझ्यासमोर बसली, तेव्हा हा कागद माझ्यापासून चार पावलांवर, त्या चित्राखाली होता. मी हो म्हटलं असतं तर ती तो काढणार होती.

मी रडले. अठरा मार्चला रडले नव्हते ते सगळं रडले, तोंडाला पदर न लावता, लहान पोरीसारखी मोठ्यानं. दिगंबररावांनी मला रडू दिलं. पाण्याचा पेला भरून जवळ ठेवला.

सोळा वर्षं झाली त्याला. दिगंबरराव आता नाहीत. ते वेळापत्रक माझ्याकडे अजून आहे, चौथ्या दिवसाच्या दुपारी मी लिहिलेली दोन तासांची विश्रांती त्यात तशीच आहे. लोक विचारतात, बाई, तुम्ही अलीकडे कशातच बोलत नाही. नात्यातल्यांच्या लग्नांत, वाटण्यांत, आजारपणांत मी बोलत नाही, हे खरं आहे.

त्या दिवशी माझं रडणं थांबल्यावर दिगंबररावांनी पासपोर्ट गोळा केले आणि उभे राहिले.

"आक्का," त्यांनी विचारलं, "हे कुठं ठेवू?"

त्या घरात कुठली वस्तू कुठं ठेवायची ते मीच सांगत आले होते. ते हातात पासपोर्ट धरून वाट बघत उभे राहिले. मला काही सांगता आलं नाही.